कारखान्यातले फोन काढून इंटरनेटवरचे बसवायचं चाललंय. काय काय विचारून घेऊ?

शून्य_दाबा

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी एका सहकारी साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. सांगली-कोल्हापूर पट्टा एवढं पुरे, नाव नको. हंगाम संपलाय, ओव्हरहॉलिंग सुरू आहे, आणि त्यातच मीटिंगला विषय आला की जुना ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) भंगारात काढायचा आणि सगळे फोन इंटरनेटवर न्यायचे. ईडीपी (कॉम्प्युटर) विभागानं कोटेशन मागवलं. एका कंपनीचा पोरगा येऊन कारखाना बघून गेला. म्हणजे ॲडमिन बिल्डिंग बघून गेला. मिल हाऊसच्या दारापर्यंत गेला, आतला आवाज ऐकला आणि तिथूनच मागं फिरला. मिल बंद होती, आत फक्त ग्राइंडर चालू होता.

कोटेशनचा सारांश असा. टेबलावरचे सगळे फोन बंद. अधिकाऱ्यांना काचेचा स्क्रीन असलेले नवे फोन, बाकीच्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर ॲप. बाहेरून फोन आला की रेकॉर्ड केलेली बाई बोलणार, शेती विभागासाठी एक दाबा, अकाउंटसाठी दोन दाबा. आपल्याकडं यंत्र काहीच नाही, सगळं क्लाउडवर. दर माणशी दर महिना भाडं.

जुन्याची वकिली करायला मी आलेली नाही. वळवाच्या पहिल्या गडगडाटाला आमची एक-दोन एक्स्टेंशन कार्डं जळतातच. नवं कार्ड मिळत नाही, कुठून तरी जुनं उतरवलेलं आणून बसवतात. एमडीएफच्या, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जोडल्या जातात त्या, खोलीत उंदरांचा संसार आहे. रेकॉर्डिंग नाही, त्यामुळं ‘मी फोन केला होता, ऑपरेटरनं लावूनच दिला नाही’ हे ज्याला त्याला म्हणता येतं. तेव्हा नवं येऊ दे, माझी ना नाही.

माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडं नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. २४ म्हणजे काटा, उसाच्या गाड्यांचं वजन होतं तो. चार ते बाराला तिथं एक जण असतो, बारा ते आठला दुसरा, आणि गव्हाणीवरच्या, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथल्या, माणसाला त्यांची नावं माहीत असायचं कारणच नाही. तो २४ लावतो आणि विचारतो, ‘यार्डात गाड्या किती?’ कमी असल्या तर लगेच ३१ ला, म्हणजे शेतकी ऑफिसला. शेतकीवाले गट ऑफिसला. ही साखळी रात्री तीन वाजता अर्धा तास अडली तर मिल ‘नो केन’ला, म्हणजे ऊस नाही म्हणून, उभी राहते, आणि मग सकाळी कुणाकुणाला बोलणी खावी लागतात ते विचारू नका. आता काटेवाल्याच्या मोबाइलवर ॲप टाकलं, तर पाळी संपवून तो घरी जेवायला बसलेला असताना ताटाशेजारी काटा वाजणार! आणि जो काट्यावर बसलाय त्याच्याकडं काहीच वाजणार नाही. त्या पोराला मी हे विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, ते ट्रेनिंगमध्ये कव्हर होईल.’

बाहेरून येणाऱ्या फोनचंही तेच. सभासदाला ‘शेती विभाग’ नको असतो, त्याला त्याच्या उसाला तोड कधी येणार ते हवं असतं. ‘बाई, माझी नोंद आडसालीची हाय आणि शेजारचा खोडवा तुटून गेला, चिटबॉय अजून फिरकला न्हाई’ असं म्हणणाऱ्या माणसानं कुठला आकडा दाबायचा? (चिटबॉय म्हणजे तोडीची चिठ्ठी आणणारा कारखान्याचा माणूस.) मी गाव विचारते, गट कळतो, त्या गटाच्या ॲग्री ओव्हरसिअरला लावून देते. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणखी एक, आमचा नंबर. वजनपावतीवर, सभासदांच्या डायरीवर, ऊस वाहतुकीच्या करारावर, गावोगावच्या सोसायटीच्या भिंतीवर तोच आहे. तो जाणार का राहणार, यावर पोरगं एकदा ‘राहील’ म्हणालं, एकदा ‘बघावं लागेल’ म्हणालं.

लाइट गेल्यावर काय होतं हेही मला नीट समजून घ्यायचंय. पुराच्या वेळी, २०१९ च्या ऑगस्टात, आमच्या भागात मोबाइलची रेंज एकेक करत गेली तेव्हा कारखान्याच्या आतले फोन चालू होते. माझ्याकडून कॉलनीत, कॉलनीतून दवाखान्यात निरोप जात होते.

साहेबांनी मला टिपणी द्यायला सांगितली आहे. मशिनरीतलं मला कळत नाही, पण कुठला फोन कशासाठी वाजतो ते कळतं. ज्यांच्या ऑफिसात हे झालंय त्यांनी सांगा, त्या कंपनीकडून काय लिहून घेऊ? (माझ्या नोकरीचं काय, असं कुणी विचारण्याआधीच सांगते, निवृत्ती जवळ आली आहे. माझी काळजी करू नका.)

---

खांबावरचा

ताई, धागा वाचून बरं वाटलं. मी दूरसंचार खात्यात खांबावर चढत लागलो आणि २०२० च्या जानेवारीअखेर ज्या हजारोंनी एकाच दिवशी व्हीआरएस घेतली त्यातला एक. तुमच्यासारख्या कारखान्यांचे एमडीएफ मी आयुष्यभर क्रोन टूल (तारा ठोकून बसवायचं हत्यार) घेऊन ठोकलेत. उंदरांचं म्हणाल तर जेलीची केबल त्यांना फार आवडते, असा माझा अनुभव.

लाइटचं आधी सांगतो, कारण हेच कुणी समजावून सांगत नाही. साधा फोन भिंतीतल्या विजेवर चालत नाही. त्याला करंट तारेतूनच येतो, ४८ व्होल्ट डीसी, आणि तो देणाऱ्याकडे बॅटऱ्यांचा संच असतो. लँडलाइनला तो एक्स्चेंजमधून येतो, तुमच्या एक्स्टेंशनला तुमच्या ईपीएबीएक्समधून. म्हणजे तुमच्या खोलीतल्या बॅटऱ्या ठीक असल्या की काटा, गव्हाण, दवाखाना, सगळीकडचे फोन जिवंत. २०१९ ला हेच झालं असणार.

इंटरनेटच्या फोनला हा हिशेब लागू नाही. तिथं फोनला वीज लागते, फोन ज्या स्विचला जोडलाय त्याला लागते, राउटरला लागते, फायबरच्या डब्याला लागते. हे सगळे वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये. त्यातल्या एकाचा जरी यूपीएस बंद पडला की त्याच्या पुढचे सगळे फोन मुके. म्हणून टिपणीत लिहा की प्रत्येक स्विचला यूपीएस, किती तासांचा ते कागदावर, आणि बॅटऱ्या बदलायची जबाबदारी कोणाची तेही. ‘तुमच्याकडे तर को-जन (चिपाडावरची वीजनिर्मिती) आहे, लाइट कुठं जाते?’ असं म्हणतील. ऑफ सीझनला को-जन बंद असतं आणि पूर नेमका तेव्हाच येतो.

नंबरचं. बीएसएनएलची तांब्याची लाइन फायबरवर नेली तर नंबर तोच ठेवता येतो, आम्ही कितीतरी तशा बदलून दिल्या. पण तोच लँडलाइन नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. मोबाइलला पोर्टेबिलिटी आहे, लँडलाइनला नाही. तुमच्या त्या पोराला हे माहीत नसेल किंवा माहीत असून बोलत नसेल. उपाय सोपा आहे. नंबर आहे तिथंच राहू द्या, फायबरवर करून घ्या आणि ती लाइन नव्या यंत्रात आणून जोडायला सांगा. तसा गेटवे मिळतो. सभासदाला फरक कळणारही नाही.

आकाशातल्या विजेचं मात्र नव्यात सुख आहे. दोन बिल्डिंगच्या मध्ये फायबर टाकली तर काचेतून वीज वाहत नाही, कार्डं जळायची थांबतील. फक्त वरून पोलादी कवच असलेली केबल टाकली तर त्या कवचाला अर्थिंग द्यायला सांगा. ठेकेदार हमखास विसरतात.

---

सरळसोट

एवढी चर्चा कशाला? आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. काटा, गव्हाण, शेतकी यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, लँडलाइनचं बिलही वाचेल. विषय संपला.

---

शून्य_दाबा

@सरळसोट, ग्रुप आहे की. त्यावर पहाटे चारला गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि ‘यार्डात ४ गाड्या’ हा मेसेज त्या फुलांखाली गाडला जातो.

मिल हाऊसमध्ये या एकदा हंगामात. हाताला ग्रीस, अंगावर भुसा, आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडायला लागतं. खिशातला मोबाइल कंप पावला तरी कळत नाही, कारण सगळा मजलाच कंप पावत असतो. तिथं भिंतीवर फोन आहे, आणि त्याला जोडून वर एक मोठी लोखंडी घंटा आहे. फोन आला की ती ठणाणा वाजते. बॉयलिंग हाऊसमधल्या फोनचा रिसीव्हर तर मळीनं कानाला चिकटतो. मी दर महिन्याला शिपायाला कोमट पाण्याचा बोळा घेऊन पाठवते, बटणांच्या खाचेतून काळं निघतं. त्या जागी काचेचा फोन?

आणि डिस्टिलरीत मोबाइल न्यायचाच नाही, गेटवर ठेवून जायचं. तिथं ॲप कुठल्या फोनवर टाकणार?

@खांबावरचा काका, मनापासून आभार. नंबरचं आजच साहेबांच्या कानावर घातलं. आणखी एक विचारते. नदीवर आमची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे, कारखान्यापासून अडीच किलोमीटर. तिथला पंपवाला एकटा असतो. जुनी केबल आहे, खरखरते, पण चालते. तिथं रेंज म्हणाल तर बंधाऱ्यावर जाऊन उभं राहिलं तर एक काडी. कोटेशनमध्ये जॅकवेल नाहीच.

---

पिंग_पाच

मी पुण्यात नेटवर्किंगमध्ये आहे आणि अशी स्थलांतरं करणं हाच माझा व्यवसाय, तेव्हा त्या पोराच्या बाजूनेही थोडं बोलतो. त्याला ॲडमिन बिल्डिंगएवढंच बजेट दिलेलं असतं आणि त्याचं टार्गेट ‘युजर’ मोजून असतं. जागेचा नंबर त्याच्या तक्त्यात बसत नाही. पण यंत्रात बसतो. कोणत्याही बऱ्या आयपी पीबीएक्समध्ये (नेटवर्कवर चालणारा ईपीएबीएक्स) एक्स्टेंशन माणसाच्या नावावर असायलाच हवं असं नाही. २४ हा काट्यावर ठेवलेल्या साध्या, बटणांच्या आयपी फोनला द्या. हवं तर काटा आणि केन यार्ड दोन्हीकडे एकदम वाजेल असा रिंग ग्रुप करा. ॲप द्यायचं ते फिरतीवरच्या लोकांना, शेती अधिकारी, गटाचे ओव्हरसिअर वगैरे. त्यांच्यासाठी ते खरंच चांगलं आहे. बांधावर उभं राहून त्यांना कारखान्याच्या नंबरवरून बोलता येतं.

तुमच्या टिपणीत माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यात वर हवी, ती म्हणजे यंत्र कुठे असणार. सगळं क्लाउडवर असेल आणि बाहेरचं इंटरनेट तुटलं, तर काट्यावरून गव्हाणीला लावलेला कॉलसुद्धा लागणार नाही. दोघांत पाचशे पावलांचं अंतर असलं तरी! रस्त्याच्या कामाला जेसीबी आला आणि फायबर उखडली, एवढं पुरतं. पीबीएक्स तुमच्या आवारात असेल तर बाहेरचं तुटूनही आतले फोन चालू राहतात. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्याला मी क्लाउड एकटा कधीच देणार नाही. आतलं यंत्र आत ठेवा, बाहेर जायला दोन वाटा ठेवा, एक फायबरची, एक दुसऱ्या कंपनीची.

स्पीडबद्दल ते तुम्हाला घाबरवतील. ‘शंभर एमबीपीएस घ्या.’ एका कॉलला नेहमीच्या जी ७११ कोडेकने (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) जाता-येता प्रत्येकी ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात, म्हणजे दहा जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आतबाहेर. आवाज खराब होतो तो स्पीड कमी म्हणून नाही, तर पॅकेट, म्हणजे आवाजाचे तुकडे, उशिरा किंवा मागेपुढे पोचतात म्हणून. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या वर उशीर गेला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. तुमच्याकडे काट्यावर सीसीटीव्ही असणारच. त्याचं फुटेज त्याच वायरवरून जात असेल तर आवाज फाटणार. फोनचं व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगळं काढलेलं नेटवर्क) वेगळं आणि आवाजाला प्राधान्य, हे लिहून घ्या. एकाच बाजूचा आवाज येतोय किंवा कॉल लागल्यापासून बत्तीसाव्या सेकंदाला तुटतोय, अशी तक्रार आली तर आधी राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ (इंटरनेट कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारी सोय) बंद करायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता जॅकवेल. नेटवर्कची तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, त्यामुळे तिथे आयपी फोन न्यायचा तर फायबर टाकावी लागेल. नाहीतर सरळ जुनी जोडी वापरा. एफएक्सएस गेटवे नावाचा डबा असतो, एका बाजूने नेटवर्क, दुसऱ्या बाजूने जुन्या फोनची जोडी. साधा फोन तसाच राहतो, नंबर नव्या यंत्रातला. मात्र गेटवेच्या कागदावर तो किती ओमचा लूप (जाऊन-येऊन तारेचा रोध) चालवतो ते बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेच्या जोडीला किलोमीटरमागे साधारण १७०-१८० ओम धरा, म्हणजे तुमची अडीच किलोमीटरची लाइन साडेचारशेच्या घरात, वर फोनचा स्वतःचा. टेबलावर ठेवायचे स्वस्त डबे एवढ्या लांब टिकत नाहीत.

मिल हाऊसच्या घंटेलाही हेच. ती घंटा रिंगच्या करंटवर वाजते, ७५ व्होल्टच्या आसपास एसी. गेटवेतून ती वाजेलच असं नाही. विकत घेण्याआधी एक डबा आणून प्रत्यक्ष वाजवून बघायचा हट्ट धरा. नाही वाजली तर नेटवर्कवर चालणारा भोंगा मिळतो, तोच फोन आल्यावर वाजतो आणि त्यावरून घोषणाही करता येते.

डिस्टिलरीला हात लावू देऊ नका. तिथला फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीनं बाहेर पेट न घेऊ देणारा) फोन प्रमाणित असतो, ते काम नागपूरच्या पेसोच्या (स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) अखत्यारीत येतं. आहे तो फोन ठेवा, गेटवे सुरक्षित खोलीत, जोडी तीच.

---

लेस्टरकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात लेस्टरला. इमारतींच्या देखभालीत आहे. इकडे हा प्रश्न एका ऑफिसचा राहिलेला नाही, अख्ख्या देशाचं तांब्याचं फोन जाळं बंद होतंय. आधी डिसेंबर २०२५ ची मुदत होती, ती जानेवारी २०२७ वर गेली. नव्या जुन्या-पद्धतीच्या लाइन विकणं सप्टेंबर २०२३ मध्येच थांबलं.

मुदत पुढे का गेली ते तुमच्या कामाचं आहे. इकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांच्या गळ्यात एक बटण असतं. पडले-झडले तर दाबायचं, घरातल्या फोन लाइनवरून मदत केंद्राला निरोप जातो. लाइन इंटरनेटवर बदलली आणि काही घरांत ही बटणं मुकी झाली. गंभीर प्रकार घडले, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात सरकारने कंपन्यांना बोलावून सक्तीची बदली थांबवायला लावली. कंपन्यांकडे प्रत्येक लाइनची नोंद होती, बिल होतं. त्या लाइनच्या टोकाला काय लावलंय, हे कुणाकडेच नव्हतं. लाइट गेल्यावर किमान एक तास तरी आणीबाणीचा कॉल लागला पाहिजे असं इथल्या नियामकाचं म्हणणं आहे, आणि तो एक तासही अपुरा पडतो म्हणून लोक भांडतात.

आमच्या इमारतींत मी वही घेऊन प्रत्येक लाइनच्या शेवटापर्यंत चालत गेलो. लिफ्टमधला फोन निघाला, आगीच्या अलार्मची पेटी निघाली, एका ठिकाणी बॉयलर रूमचा डायलर निघाला, ज्याचं बिल कुणी कित्येक वर्षं विचार न करता भरत होतं. ताई, तुम्हीही चालत जा. आणि ईडीपीच्या यादीत ‘वापर नाही’ म्हणून ज्या एक्स्टेंशनवर काट मारलीय ती आधी बघा.

---

शून्य_दाबा

लेस्टरकर, काय वेळेवर बोललात! ईडीपीची यादी मागवली. ‘वापर नाही’त बगॅस यार्डचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा ढीग असतो तिथला, ५७ होता.

५७ हंगामभर वाजत नाही हे खरंच आहे. तो वाजावा असं कुणालाच वाटत नाही. उन्हाळ्यात बगॅसचा ढीग आतून तापतो, कधी ठिणगीनं, कधी आपोआप धुमसायला लागतो, आणि तिथला वॉचमन ५७ वरून मला सांगतो. मी फायरला आणि पंपाला, दोन्हीकडं एकदम लावते. ढीग पेटला की तो विझवण्यात किती दिवस जातात ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पोराच्या कोटेशनमध्ये ५७ कापल्यामुळं एका फोनचं भाडं वाचणार होतं.

सुरक्षा अधिकाऱ्यांना घेऊन मी आणि वायरमन सगळीकडं फिरलो. चुन्याच्या गोडाऊनमध्ये एक फोन सापडला, रिसीव्हर उचलला तर डायल टोन! त्याचा नंबर मलाही आठवत नव्हता. यादी मी नव्यानं केली. नंबर, जागा, आणि तिसऱ्या रकान्यात ‘हा बंद पडला तर काय अडतं’. ईडीपीच्या यादीत त्या जागी ‘हुद्दा’ होता.

---

खांबावरचा

५७ वाचून अंगावर काटा आला. ताई, रकाना झकास.

एक राहिलं. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचं, हे १५ जानेवारी २०२१ पासून आहे. तुमच्याकडे बाहेरची लाइन घ्यायलाही शून्य असणार. नव्यात ही दोन शून्यं लोकांकडून दाबून घेऊ नका, यंत्रालाच एक लावायला सांगा.

---

पिंग_पाच

काकांच्या शून्यावरून आठवलं. १०८, ११२ आणि १०१ हे बाहेरच्या लाइनचं शून्य न लावता थेट गेले पाहिजेत, हे डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर कसा लागतो याचे यंत्रातले नियम) पहिल्या दिवशी टाकून घ्या. अमेरिकेत २०१३ मध्ये टेक्सासच्या एका हॉटेलात एका बाईवर हल्ला झाला, तिची लहान मुलगी खोलीतल्या फोनवरून पुन्हा पुन्हा ९११ लावत राहिली. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचं असतं हे तिला कुठून माहीत असणार? आई वाचली नाही. त्यावरून तिथे कायदा झाला, कॅरीज लॉ, आणि फेब्रुवारी २०२० पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या यंत्रणांना तो लागू आहे. तुमच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्येही एक्स्टेंशन असतील, तिथे पोरं एकटी असतात.

दोन गोष्टी पैशाच्या. बाहेरच्या लाइन इंटरनेटवरून घ्यायच्या झाल्या तर परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या. कुणी फारच स्वस्त दर देत असेल तर मागे सिमबॉक्स (कॉल सिमकार्डांवरून वळवणारा डबा) असू शकतो, ते बेकायदेशीर आहे, आणि पोलीस आले की आधी ग्राहकाची कागदपत्रं मागतात. दुसरं, परदेशी कॉल कायमचे बंद करून ठेवा आणि एक्स्टेंशनचा पासवर्ड एक्स्टेंशनच्याच नंबरावर ठेवू देऊ नका. इंटरनेटवर उघड्या पडलेल्या पीबीएक्समधून रात्रीत परदेशात कॉल करून लाखांची बिलं करणारे लोक बसलेलेच असतात.

---

शून्य_दाबा

टिपणी दिली. खरेदी समितीपुढं वाचूनही दाखवली, चीफ इंजिनिअर साहेब पहिल्यांदाच फोनच्या विषयाला शेवटपर्यंत बसले.

यंत्र कारखान्यातच ठेवायचं ठरलं, ॲडमिनमध्ये नाही, पहिल्या मजल्यावरच्या ईडीपी रूममध्ये, पुराचं पाणी चढत नाही तिथं. नंबर फायबरवर, तोच. काटा, गव्हाण, यार्ड, टाइम ऑफिस यांना बटणांचे फोन, नंबर जुनेच. जॅकवेल, डिस्टिलरी, मिल हाऊस आणि ५७ गेटवेवर, जुन्याच जोडीवर. घंटा वाजवून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही असं खुद्द चीफ इंजिनिअर म्हणाले. ॲप फक्त शेतकीच्या फिरत्या माणसांना.

‘एक दाबा, दोन दाबा’वर थोडी वादावादी झाली. एमडी साहेबांना ते आवडलंय, दुसऱ्या कारखान्यात ऐकलंय म्हणे. शेवटी असं ठरलं की फोन आधी ऑपरेटरकडं वाजणार, चार घंटांत उचलला नाही तरच बाई बोलणार, आणि बाईच्या बोलण्यात सगळ्यात आधी ‘ऑपरेटरसाठी शून्य दाबा’ असणार. बाईचा आवाज पुण्याहून रेकॉर्ड करून येणार होता, तेवढ्यात शेतकी अधिकारी म्हणाले, आवाज आपल्याच बाईंचा घ्या, सभासदांच्या ओळखीचा आहे. आता मला कोटेशन आल्यावर त्या पोरासमोर बसून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणायचंय. हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. मी ‘बोला’ म्हणते.

सुधारित कोटेशन पुढच्या आठवड्यात येईल. बदल कधी करून घ्यावा, कुणी सांगेल का? साहेब म्हणतात मोळी पूजनाच्या, म्हणजे हंगाम सुरू करायच्या, मुहूर्तावर नवं सुरू करू, फोटो चांगला येईल.

---

पिंग_पाच

मुहूर्तावर अजिबात नको. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आधी किमान महिनाभर सगळं चालू करून घ्या, आणि त्या महिन्यात एकदा मुद्दाम मेन स्विच पाडायला लावा. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक जागेवरून त्या अंधारात फोन लागतो का ते तुमच्या वायरमनने फिरून बघायचं, कंपनीच्या माणसाने नाही. फोटो काय, मोळी टाकताना येईलच.

‘बोला’च रेकॉर्ड करा.

---

खांबावरचा

आणि जुना ईपीएबीएक्स पहिला हंगाम पार पडेपर्यंत जागचा हलवू नका. बॅटऱ्या चार्जिंगला, जोड्या एमडीएफवर खुणा करून. भंगारवाला आला तर त्याला सांगा, गुढीपाडव्यानंतर ये.